किचनमध्ये आयलंड हवं की नको? नागपूरकरांनी आधी टेप हातात घ्यावी

बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या भागांत नवं घर बांधणारे किंवा फ्लॅट घेणारे लोक किचनचा विषय निघाला की आता हमखास विचारतात, "आयलंड बसेल का?" आयलंड म्हणजे कोणत्याही भिंतीला न टेकलेला, किचनच्या मधोमध उभा असलेला सुटा ओटा. वर दगड, खाली कपाटं किंवा ट्रॉल्या, एका बाजूला उंच स्टूल. मोबाइलवरच्या फोटोत तो फार देखणा दिसतो. पण त्या फोटोत सिलिंडर नसतो, कूलर नसतो, आणि पुरण वाटायला बसलेली आजीही नसते. आपल्या घरात हे सगळं आहे, म्हणून निर्णय आपल्या घराकडे बघूनच घ्यायला हवा. मी किचनची कामं करते. पहिल्यांदाच घर करणाऱ्यांना जे साइटवर उभं राहून सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: खरं माप घ्या

बिल्डरच्या ब्रोशरमधलं किंवा नकाशावरचं माप धरू नका. नकाशावरची मापं बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतची असतात. प्लास्टर आणि टाइल्स चढल्या की दोन्ही भिंतींचे मिळून दोन-तीन इंच सहज जातात, आणि आयलंडच्या हिशेबात हे दोन-तीन इंचच नडतात. फरशीलगत एक माप घ्या आणि कमरेच्या उंचीवर दुसरं. जुन्या घरांत भिंती सरळ नसतात. कॉलम कुठे बाहेर आला आहे, दार कोणत्या बाजूला उघडतं, खिडकीची पट्टी किती उंचीवर आहे, तेही कागदावर उतरवा. फ्रीजची खोली वेगळी मोजा. दोन दारांचा फ्रीज दोन फुटांच्या ओट्यापुढे चार-सहा इंच येतोच, आणि मागे हवेसाठी जागा सोडली की आणखी पुढे सरकतो.

दुसरी पायरी: बेरीज करा

भिंतीलगतचा ओटा २ फूट खोल. ओटा आणि आयलंड यांच्या मध्ये एकटी व्यक्ती स्वयंपाक करणार असेल तर साडेतीन फूट, दोघं असतील तर ४ फूट. आयलंड स्वतः दोन-अडीच फूट रुंद आणि निदान ४ फूट लांब. त्याहून लहान असेल तर ते टेबलच म्हणा. पलीकडच्या बाजूने नुसतं जाण्या-येण्यापुरते ३ फूट. म्हणजे एकाच भिंतीला ओटा असेल तर २ अधिक साडेतीन अधिक अडीच अधिक ३, असे ११ फूट झाले. समोरच्या भिंतीलाही ओटा असेल तर त्याचे २ फूट वाढतात, पलीकडेही ३ऐवजी साडेतीन धरावे लागतात, आणि हाच आकडा साडेतेरा फुटांवर जातो. पलीकडे स्टूल मांडणार असाल, तर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून दुसऱ्याला ताट घेऊन जाता आलं पाहिजे; तिथे ३ फूट पुरत नाहीत, साडेतीन ते ४ धरा.

साडेतीन फूट का, ते एकदा करून बघा. खालची ट्रॉली पूर्ण ओढली की ती वीसेक इंच बाहेर येते. तिच्यासमोर वाकून डबा काढणाऱ्या माणसाला दीड फूट लागतो. तेवढ्यातच ३८ इंच संपले, आणि मागून अजून कुणी गेलेलंही नाही.

आता ८ बाय १०चं किचन घ्या. असं माप आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नेहमी दिसतं. आठातून ओट्याचे २ गेले, पुढचे साडेतीन गेले, उरले अडीच. त्यात अडीच फुटांचं आयलंड ठेवलं की ते समोरच्या भिंतीला चिकटतं. मग ते आयलंड उरत नाही, समोरासमोर दोन ओटे होतात. आणि माझ्या मते असं समोरासमोरचं किचन स्वयंपाकाला फार सोयीचं असतं. एका ओट्यावर गॅस, मागे वळलं की दुसऱ्यावर पोळ्यांचं काम. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र डायनिंग असलेल्या घरासाठी किचनची किमान रुंदी १.८ मीटर धरली आहे, म्हणजे सहा फुटांहूनही किंचित कमी. त्यामुळे किचन नियमात बसतं म्हणून त्यात आयलंडही बसेल, असं समजू नका.

३० बाय ५०च्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. मार्जिन (घराभोवती मोकळी सोडायची जागा), जिना आणि गाडीची जागा सोडल्यावर किचनला ११ फूट रुंदी काढता येते, पण ती हॉल, डायनिंग किंवा मागच्या वॉश एरियातून घ्यावी लागते. धुणी-भांड्यांची जागा कापून आयलंड करू नका, हे मी ठामपणे सांगते. ती जागा गेली की मोठी पातेली, कुकर आणि कढया आयलंडवरच येऊन पडतात.

तिसरी पायरी: आयलंड खोटं-खोटं बसवा

बेरीज जमली तरी लगेच सुताराला ॲडव्हान्स देऊ नका. फरशीवर मास्किंग टेपने आयलंडचा चौकोन आखा. त्यावर खोक्यांची थप्पी किंवा फोल्डिंगचं टेबल ठेवा. नुसती टेप असली की माणूस नकळत तिच्यावरून चालत जातो, म्हणून मध्ये काहीतरी अडथळा हवाच. मग आठ दिवस घरातला नेहमीचा स्वयंपाक करा: सकाळची डब्यांची घाई, रविवारचा सावजी रस्सा, पाहुणे आले तर तेही.

या दिवसांत काही गोष्टींकडे लक्ष ठेवा. फ्रीजचं दार पूर्ण उघडतं का, की टेबलाला अडतं? गॅसवरून गरम कुकर उचलून सिंककडे नेताना वळसा पडतो का? फ्रीज, सिंक आणि गॅस या तिघांमधल्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. दिवसातून कितीतरी वेळा आपण याच वाटांवर असतो. आयलंडचा कोपरा एखाद्या वाटेत थोडा आला तर चालतं, पण पूर्ण आयलंड आडवं आलं तर दरवेळी त्याला प्रदक्षिणा घालावी लागते. टेबलाला कंबर कुठे घासली जाते तेही बघा. एकाच कोपऱ्यावर दोघा-तिघांना लागत असेल तर तो कोपरा चार इंच आत घ्या आणि पुन्हा बघा.

घर अजून बांधकामात असेल तर हेच काम चुन्याने किंवा विटा मांडून स्लॅबवर करा. रिकाम्या खोलीत सगळं मोठं वाटतं, म्हणून ओटा आणि फ्रीजच्या जागीही विटा मांडायला विसरू नका.

चौथी पायरी: जी व्यक्ती तिथे उभी राहणार, तिला विचारा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आयलंडची चर्चा आर्किटेक्ट, इंटिरिअरवाला आणि घरातले कर्ते पुरुष यांच्यात होते. रोज तिथे दोन-तीन तास उभी राहणारी सून किंवा सासू चहा घेऊन येते तेव्हा तिला कॅटलॉग दाखवतात, तोही रंग निवडायला. उंची तिच्या शरीरावरून ठरायला हवी.

कॅटलॉगमध्ये ओट्याची उंची सरसकट ३६ इंच असते. पाच फूट उंचीच्या बाईला त्यावर पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतात, आणि महिन्याभरात मान दुखायला लागते. सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. चिरण्या-निवडण्यासाठी चार इंच कमी पुरतं. लाटायला आणि कणीक मळायला वरून जोर द्यावा लागतो, तिथे सहा इंच कमी हवं. पाच फुटांच्या बाईला बहुधा ३२-३३ इंच येतात. घरात दोघींच्या उंचीत फरक असेल तर भिंतीचा ओटा एकीच्या मापाचा आणि आयलंड दुसरीच्या मापाचं करा. आयलंडचा मला दिसलेला हा सर्वांत खरा फायदा, आणि तो क्वचितच कुणी घेतं.

आता आजीचा विचार करा. गुडघ्यांमुळे तिला पाटावर बसून विळीवर भाजी चिरणं जमत नाही, पण मेथी निवडायची असते, सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडायचा असतो, शेंगा सोलायच्या असतात. तिला उंच स्टूलवर चढवणं धोक्याचं आहे. आयलंडचा एक भाग जेवणाच्या टेबलाइतका, म्हणजे २९-३० इंचांचा ठेवा आणि तिथे पाठ असलेली साधी खुर्ची मांडा. खाली गुडघे जायला जागा मोकळी सोडा, कपाट करू नका. घरात वृद्ध माणूस असेल तर एवढ्या एका कारणासाठीही मी आयलंडच्या बाजूने बोलेन.

याच्या उलट कारणही आपल्याकडे आहे. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, वडे, कढी असा रांधा असतो, आणि काकू, मावशी, जावा सगळ्या किचनमध्ये जमतात. कुणी उभ्याने तळत असतं, बाकीच्या खाली मांडी घालून बसतात. उन्हाळ्यात पापड लाटायला, सरगुंडे करायलाही मधली मोकळी फरशीच लागते. पक्कं आयलंड ही फरशी कायमची घेतं: ४ फूट बाय अडीच म्हणजे १० चौरस फूट, तीही खोलीच्या बरोबर मधली. तुमच्या घरी ही कामं खरोखर होत असतील तर चाकांचं आयलंड करा किंवा विचार सोडून द्या. होत नसतील, चार-पाच जणी उभ्याने काम करत असतील, तर आयलंडभोवती त्या जास्त सुखाने काम करतील. भिंतीच्या ओट्यावर सगळ्यांची तोंडं भिंतीकडे असतात.

पाचवी पायरी: आयलंडवर गॅस, सिंक, की काहीच नाही

आधी माझं मत: नागपूरच्या घरात आयलंड कोरडं ठेवा. गॅस आणि सिंक भिंतीलाच राहू द्या.

गॅसचं कारण सिलिंडरपासून सुरू होतं. रेग्युलेटर ते शेगडी ही रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब असू नये, पाच वर्षांनी बदलावी, आणि ती फरशीवरून किंवा कपाटाच्या आतून लपवून नेऊ नये. मधल्या आयलंडपर्यंत ती पोहोचतच नाही. मग सिलिंडर आयलंडच्या खालच्या कपाटात ठेवायची कल्पना निघते. बंद कपाटात गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने तिथेच तळाशी साचतो. असं करू नका. आयलंडवरच गॅस हवा असेल तर फरशी टाकण्याआधी धातूची पाइपलाइन गॅस एजन्सीच्या मान्यताप्राप्त मेकॅनिककडूनच करून घ्या आणि बंद करायचा कॉक हाताला लगेच सापडेल असा ठेवा.

पुढे चिमणी. भिंतीवरच्या चिमणीला पाठीमागे भिंत असते, ती धूर अडवून वर पाठवते. आयलंडवर धूर चारी बाजूंना पसरतो, म्हणून चिमणी शेगडीपेक्षा रुंद लागते, ती छताला टांगावी लागते, आणि तिचा सहा इंची पाइप छताखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावा लागतो. तो झाकायला आठ-दहा इंच खाली फॉल्स सीलिंग येतं. पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितकी ओढ कमी. बिनपाइपच्या चिमण्या वास थोडा कमी करतात, पण वाफ आणि उष्णता खोलीतच सोडतात. सावजीचा मसाला भाजताना किंवा लाल मिरचीची फोडणी देताना उठणारा ठसका त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आणि कूलर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत इथलं घर कूलरवर चालतं. हॉलच्या खिडकीतला कूलर आत हवा ढकलतो आणि ती हवा कुठूनतरी बाहेर जावी लागते. खुल्या किचनच्या घरात ती बहुतेक किचनच्या खिडकीतून जाते. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना हा झोत बंद करायची कुणाची तयारी नसते. शेगडी भिंतीला असेल तर आडोसा करता येतो. मधल्या आयलंडवर मात्र झोत थेट बर्नरवर येतो: ज्योत एकीकडे झुकते, पातेल्याचा तळ एकाच बाजूने तापतो, आणि बारीक आचेवर दूध ठेवलं असेल तर ज्योत विझून गॅस तसाच सुटत राहतो. तरीही शेगडी मध्ये घ्यायचीच असेल, तर ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलीच घ्या. छताच्या पंख्याचाही हाच त्रास. आयलंड कोरडं असेल तर भिंतीवरचा पंखा त्याच्याकडे वळवून लावता येतो; पोळ्या लाटणाऱ्या बाईला वारा मिळतो आणि गॅसला लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ही सोय लहान नाही.

स्टूलवर मुलं बसणार असतील तर समोर शेगडी नकोच. तेलात मोहरी तडतडली की ती पलीकडे उडते.

सिंकचा मुद्दा उताराचा आहे. सांडपाण्याच्या पाइपला ४० फुटांना साधारण १ फूट असा उतार लागतो. आयलंड भिंतीपासून १० फुटांवर असेल तर ३ इंच उतार, त्यात पाइपची जाडी वेगळी. फ्लॅटमध्ये स्लॅब कोरता येत नाही, कोरूही नये. मग किचनची फरशी उचलून पायरी करावी लागते आणि म्हातारी माणसं तिला रोज ठेचकाळतात. उतार कमी दिला तर भाताची शितं आणि चहाची पत्ती पाइपात बसून राहते. तळमजल्याचं नवं घर असेल तर मात्र भराव टाकायच्या आधी पाइप टाकून घेता येतो. तरी खरकट्या भांड्यांचा ढीग हॉलमधून दिसत राहील, हे लक्षात ठेवा.

घरात आग्नेयेचा आग्रह असेल तर कोरड्या आयलंडने तोही वाद मिटतो: गॅस आग्नेयेच्या भिंतीला राहतो, मधला ओटा फक्त कामाचा.

सहावी पायरी: वीज

कोरड्या आयलंडलाही वीज लागते, नाहीतर मिक्सर लावायला वायर वाटेत लोंबते. फरशीखालून पाइप टाकून घ्या, मिक्सरसाठी साधा पॉइंट आणि इंडक्शनसाठी १६ अँपिअरचा वेगळा. सॉकेट आयलंडच्या बाजूला, दगडाच्या खाली लावा. वरून उघडणारे सॉकेट दिसायला छान, पण त्यात पीठ आणि पाणी जातं. अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा. वर लटकते दिवे हवे असतील तर ते दगडापासून तीसेक इंच वर ठेवा, म्हणजे समोरच्या माणसाचं तोंड दिसतं.

जागा कमी पडली तर

बेरजेत आयलंड बसलं नाही म्हणून हिरमोड करून घेऊ नका. किचन आणि डायनिंगमधली भिंत अर्धी काढून तिथे ब्रेकफास्ट काउंटर करता येतं. ते एका बाजूने भिंतीला टेकलेलं असतं, त्यामुळे पलीकडची ३ फुटांची वाट वाचते. पण भिंत काढण्याआधी तिच्यात बीम, कॉलम किंवा पाइप आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. भिंत गेली की फोडणीचा वास हॉलच्या पडद्यांपर्यंत जाणार, हेही ठरवूनच घ्या.

मला सर्वांत जास्त आवडणारा पर्याय म्हणजे चाकांचं आयलंड. दीड-दोन फूट रुंद, तीन फूट लांब, वर दगड किंवा स्टील, खाली दोन कप्पे, आणि चारही चाकांना लॉक. लॉक नसलेलं चाक घेऊ नका; कणीक मळताना टेबल पुढे सरकत जातं. काम झालं की भिंतीला लावा. महालक्ष्म्यांना हॉलमध्ये न्या, त्यावरून वाढा. नऊ फूट रुंदीच्या किचनमध्येही हे चालतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये, घर बदललं की ते सोबत येतं.

करायचंच ठरलं तर

वरचा दगड गडद ग्रॅनाइटचा घ्या. संगमरवराला लिंबू, चिंच आणि संत्र्याचा रस खातो. संत्र्याच्या मोसमात मुलं तिथेच सोलणार. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचा डाग लगेच पुसावा लागतो आणि गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवता येत नाही. पाय घालायला दगड बाहेर काढणार असाल तर १२ इंच पुरे, आणि त्याला खालून लोखंडी आधार द्या. कोपरे गोल घासून घ्या.

२० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो, म्हणजे १० चौरस फुटांचा दगड ५० किलोचा. कपाटासकट एवढं वजन कोणताही स्लॅब सहज पेलतो. पण मिस्त्री विटांचं बांधकाम आणि कडाप्प्याचे कप्पे सुचवत असेल तर वजन शेकडो किलोंवर जातं. फ्लॅटमध्ये तसं करण्याआधी इंजिनिअरला विचारा. खालची कपाटं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाच्या, आयएस ७१० असा शिक्का असलेल्या प्लायची करा. शिक्का स्वतः पाहा, प्लाय कापायच्या आधी. कपाटं फरशीवर थेट न टेकवता पायांवर उभी करा, म्हणजे पुसलेलं पाणी प्लायला लागत नाही आणि वाळवी आलीच तर खाली वाकून दिसते.

कोटेशन घेताना दगड, कपाट, ट्रॉल्या, विजेचं काम आणि फरशीची फोडाफोड असे पाच वेगळे आकडे लिहून मागा. फरशीची फोडाफोड कोटेशनमध्ये नसते आणि नंतर वरून मागितली जाते, म्हणून ती नावानिशी लिहून घ्या. लकडगंजातून प्लाय स्वतः आणणार असाल तर मजुरीचा दर आधीच वेगळा ठरवा. आणि ज्या कागदावर सही कराल, त्यावर आयलंडची उंची इंचांत लिहिलेली आहे ना, ते पाहा.